आईसाठी लिहिलेली गीता

बडोद्यात विनोबा भाव्यांचं तरुणपण गेलं. कविता रचायची आणि मनासारखी उतरली की अग्नीत टाकायची, हा तेव्हाचा त्यांचा शिरस्ता.

आई रुक्मिणीबाईंना संस्कृत गीता कळेना, वामनपंडितांची समश्लोकीही जड गेली. मग तूच मराठीत का लिहीत नाहीस, असं त्यांनी लेकालाच विचारलं. १९१८ मध्ये त्या गेल्या. काम बारा वर्षं राहिलं, पण गीतेचं चिंतन सुटलं नाही.

७ ऑक्टोबर १९३०च्या पहाटे पाचला विनोबांनी आईसाठीच्या या मराठी गीतेसाठी, ‘गीताई’साठी, लेखणी उचलली. ६ फेब्रुवारी १९३१ला सातशे श्लोक पूर्ण!

अडलेल्या लेखकाला विषयापेक्षा वाचकच अनेकदा हवा असतो. आश्रमातल्या छोट्यांना ‘गीताई’ शिकवताना कठीण वाटलेल्या जागा विनोबांनी पुन्हा घडवल्या.