प्रभाला सगळं दिसत होतं

बसथांब्यावर रांग लागली आहे. रांगेत प्रभा, खांद्याला पर्स, साडी नीट चापूनचोपून नेसलेली. जवळच अरुण. तो तिच्याकडे बघतो आणि ती वळेलसं वाटताच नजर काढून घेतो. बस येते, दोघं चढतात, आपापल्या ऑफिसला जातात. बोलणं शून्य. 'छोटी सी बात'चा सुरुवातीचा बराच वेळ बासू चटर्जी याच्यावरच घालवतात. १९७६ च्या जानेवारीत हा चित्रपट आला तेव्हा 'दीवार'ला वर्ष होत आलं होतं आणि 'शोले' लागून पाच महिनेही झाले नव्हते. पडद्यावर सूड पेटलेला असताना अमोल पालेकर आणि विद्या सिन्हा या जोडीने लोकांना लळा लावला, आणि तो आजही सुटलेला नाही.

या लोभाचं ठरलेलं उत्तर असं, की ही आपल्यासारखी साधी माणसं होती. मला ते उत्तर पुरत नाही. साधी माणसं हिंदी पडद्यावर त्याआधीही होती; सगळीच काही मनात घर करून राहिली नाहीत. या जोडीचं मर्म मला प्रभाच्या नजरेत दिसतं. अरुण चोरून बघतो, पण त्याचं ते चोरून बघणं प्रभाला पहिल्यापासून कळतं. ओठांच्या कोपऱ्यात येऊ पाहणारं हसू विद्या सिन्हा तिथेच दाबतात. ती हो म्हणत नाही, रागावतही नाही. त्याला धीर होतो का, याची वाट बघते. प्रेक्षक अरुणसाठी कळवळतो आणि प्रभाच्या बरोबरीने त्याच्याकडे बघतो. ही दुहेरी जागा हिंदी प्रेमकथेने प्रेक्षकाला फार क्वचित दिली आहे.

ही प्रभा आली कुठून, हे शोधताना १९७४ च्या 'रजनीगंधा'कडे जावं लागतं. दिग्दर्शक तेच, जोडी तीच. मूळ कथा मन्नू भंडारींची, 'यही सच है'. नायिका स्वतःच्या तोंडाने, रोजनिशीसारखी सांगत जाते अशी तिची घडण. चित्रपटातली दीपा दिल्लीत प्रबंध लिहिते आहे आणि संजयची वाट बघते आहे. संजय हमखास उशिरा येतो, आल्यावर ऑफिसातल्या बढतीच्या भानगडी सांगत बसतो आणि निशिगंधाची फुलं मात्र न चुकता आणतो. मुलाखतीसाठी ती मुंबईला येते तेव्हा नवीन नावाचा जुना मित्र भेटतो. टॅक्सीतला प्रसंग आठवून पाहा. दोघं मागच्या सीटवर, मध्ये थोडी जागा. वाऱ्याने तिचा पदर उडतो आणि त्याला स्पर्श करतो. त्याने आपला हात हातात घ्यावा असं तिला वाटतं. तो घेत नाही. मुकेश यांचा आवाज तिच्या मनातली ओढाताण सांगत राहतो. याच गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन पुरुषांमध्ये मन दोलायमान झालेल्या बाईला कुलटा न ठरवता, शिक्षा न देता तिचं ऐकून घेणारा हा चित्रपट आहे. प्रभा त्याच घरातली.

पालेकरांचा संजय आणि अरुण खरे वाटतात त्याला कारण आहे. ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे चित्रकार, सत्यदेव दुब्यांच्या तालमीत आणि छबिलदासच्या रंगमंचावर घडलेले नट, आणि सिनेमात येण्याआधी बँक ऑफ इंडियात नोकरी केलेले. फाईल काखेत धरून साहेबांसमोर उभं राहताना खांदे किती झुकतात, ते त्यांना शिकवावं लागलं नसणार. छायाचित्रकार के. के. महाजन पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेले. मुंबईचे रस्ते त्यांनी सजवले नाहीत, आहेत तसे टिपले.

आणि मुंबई इथे नुसती पार्श्वभूमी नाही. या शहरात प्रेम करायला जागा नाही, हे मराठी माणसाला कुणी सांगायला नको. राजा ठाकूरांच्या 'मुंबईचा जावई'मध्ये (१९७०) नव्या जोडप्याला चाळीत एकांत मिळत नाही. बासूदांनी त्यावरूनच १९७२ मध्ये 'पिया का घर' केला. म्हणजे ही अडचण त्यांना आधीपासून ठाऊक होती. 'छोटी सी बात'मध्ये त्यांनी तिचीच संधी केली. बसची रांग, ऑफिसची लिफ्ट, जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार! जागा सगळ्यांच्या, पण दोघांपुरतं काहीतरी तिथे घडत राहतं. शिवाय रांगेत दोघं बरोबरीची आहेत. तीही कमावती, तिचंही तिकीट तिचंच. जात, हुंडा, घरच्यांची संमती यांतलं काही आड येत नाही. आड येतो तो अरुणचा भित्रेपणा, आणि असरानींचा स्कूटरवाला नागेश.

हा भित्रेपणा घालवायला अरुण एका कर्नलकडे जातो; तो भाग मला तुलनेने उणा वाटतो. 'स्कूल फॉर स्काउन्ड्रल्स' या १९६० च्या ब्रिटिश चित्रपटावरून कथा घेतल्यामुळे डावपेचांची शाळा आली. अशोककुमार ती खंडाळ्यात झोकात चालवतात, पण डाव शिकून आलेला चुणचुणीत अरुण आधीच्या अरुणइतका जवळचा होत नाही. त्या मधल्या काळातलं लताबाईंचं गाणं मात्र चित्रपटाचा प्राण आहे. अरुण खंडाळ्याला गेलेला, आणि प्रभा त्याच ठिकाणांवरून वावरते जिथे तो तिच्या मागेपुढे असायचा. सलील चौधरींची चाल मध्येच अनपेक्षित वळण घेते आणि योगेश यांचे शब्द अगदी रोजच्या बोलण्यातले राहतात. जो बोलतच नव्हता त्याची उणीव भासते! इथे प्रेमाची कबुली आधी ती देते, स्वतःशीच.

आज पाहताना एक प्रश्न टाळता येत नाही. एखादा माणूस रोज बाईच्या मागे जातो, हे गोड कसं? हिंदी सिनेमाने पाठलागाला प्रेम म्हणून फार नुकसान केलं आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अरुणचं वागणं त्यात बसत नाही असंही मी म्हणणार नाही. पण शेवटाकडे पाहा. कर्नलच्या शिकवणीप्रमाणे प्रभाला घरी आणल्यावर पुढचा डाव टाकायची वेळ येते तेव्हा अरुण थांबतो आणि खरं सांगून टाकतो. प्रभाला कसं मिळवायचं ते कर्नलने शिकवलं होतं. तिचा मान राखायचं त्याचं त्यालाच सुचतं. नाहीतर इतका वेळ ओळखून असलेल्या प्रभाने त्याला पत्करलंही नसतं.

पुढे १९७७ मध्ये भीमसेन यांच्या 'घरौंदा'त पालेकर पुन्हा असेच नोकरदार तरुण झाले, समोर झरीना वहाब. तिथे दोघं पै-पै साठवून फ्लॅट घेऊ बघतात, बिल्डर पैसे बुडवतो, आणि मुलगी डॉ. श्रीराम लागूंनी साकारलेल्या मालकाशी लग्न करते. 'छोटी सी बात'ने जो हिशेब दाराबाहेर ठेवला होता, तो इथे मांडला गेला. अरुण-प्रभावर प्रेम करणाऱ्यांनी 'घरौंदा'ही पाहावा. त्या दोघांना लाभलेली बसच्या रांगेतली मोकळीक किती दुर्मीळ होती, ते तो पाहिल्यावर कळतं.