सोयाबीनच्या गाठीतल्या दोन पेशी

आजचा विषय अकरावीच्या बायोलॉजीतला: पेशींचे मूळ प्रकार. लातूर-नांदेडला नीटची तयारी करणाऱ्या पोरापोरींना हा तक्ता तोंडपाठ असतो. मी पडलो बीटेकवाला. मला तक्त्यापेक्षा चालू सिस्टीम दाखवली की लवकर कळतं. ती सिस्टीम आपल्याच वावरात आहे.

पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्यानं सोयाबीनचं एक झाड अलगद उपटा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक फोडा. आत गुलाबी-लाल रंग दिसला, की काम चालू आहे समजायचं.

या गाठीत दोन्ही प्रकारच्या पेशी एकत्र नांदतात.

पहिली सोयाबीनची, दृश्यकेंद्रकी म्हणजे युकॅरिऑटिक. ही वाड्यासारखी असते. डीएनए केंद्रकाच्या बंद खोलीत, ऊर्जेसाठी मायटोकॉन्ड्रिया वेगळे. माणूस, गुरं, झाडं, बुरशी, सगळे वाडेवाले.

दुसरी रायझोबियम जिवाणूची, आदिकेंद्रकी म्हणजे प्रोकॅरिऑटिक. हे एका खोलीचं घर. केंद्रक नाही, डीएनए उघड्यावरच. आकारानं इतकी लहान, की सोयाबीनच्या एका पेशीत असे हजारो जिवाणू मावतात. गंमत म्हणजे मायटोकॉन्ड्रियासुद्धा अब्जावधी वर्षांपूर्वी असाच आत राहायला आलेला जिवाणू, असं शास्त्रज्ञ मानतात.

पण एका खोलीवाल्याला कमी समजू नका. हवेत 78 टक्के नत्र आहे, झाडाला ते थेट घेता येत नाही. रायझोबियम ते पकडून देतं, बदल्यात झाड त्याला अन्न देतं. गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा. ते ऑक्सिजन आवरून धरतं, कारण नत्र पकडणारं एन्झाइम ऑक्सिजननं बिघडतं.

आता पैशाचा मुद्दा. युरिया जास्त पडला, की झाड गाठी कमी धरतं. म्हणजे फुकटचा कारखाना बंद आणि गोणीचा खर्च चालू! बीजप्रक्रियेतही क्रम पाळायचा: आधी बुरशीनाशक, रायझोबियम सगळ्यात शेवटी. मग बियाणं सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचं, कारण जिवाणू जिवंत असतात, उन्हात मरतात. आणि हरभऱ्याचं रायझोबियम सोयाबीनला चालत नाही. ॲपचं व्हर्जन बघतो तसं पाकिटावरचं पिकाचं नाव बघून घ्या.

या हंगामात एक गाठ फोडून बघा आणि कोणता रंग निघाला ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडला!