काळं ऑइल म्हणजे जुनं ऑइल?

गेल्या महिन्यात बाबांची डिझेल गाडी सर्व्हिसिंगला गेली होती. बिलात साडेतीन लिटर इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, मजुरी असं सगळं व्यवस्थित लिहिलेलं. शोरूम ते घर १८ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी डिपस्टिक काढून बघितली, तर ऑइल काळंकुट्ट. लगेच मला फोन. "अगं, ऑइल बदललंच नाहीये त्यांनी. पैसे मात्र पूर्ण घेतलेत." ग्राहक मंचात द्यायच्या तक्रारीचा मसुदासुद्धा तयार होता, आणि त्यात तिथल्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरचं नाव घातलेलं होतं. म्हटलं, "बाबा, दोन दिवस थांबा. आधी तपासू, मग कुणाचं नाव लिहायचं ते बघू."

मी वंगण आणि झीज या विषयावर पीएचडी करतेय. घर्षण, झीज आणि वंगण यांच्या शास्त्राला ट्रायबॉलॉजी म्हणतात. हा शब्द १९६६ साली ब्रिटनमधल्या एका सरकारी अहवालामुळे रूढ झाला. नातेवाइकांना आजवर माझ्या विषयाचा उपयोग समजावता आला नव्हता. इथे तो आयता चालून आला.

तर आधी रंगाचं बघू. डिझेल जळताना काजळी तयार होते. तिचे कण मूळचे काही दशक नॅनोमीटर एवढेच असतात, आणि त्यातले थोडे पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतात. ऑइलमध्ये मुद्दाम अशी रसायनं घातलेली असतात की जी या कणांचा गोळा होऊ देत नाहीत, त्यांना तरंगत ठेवतात. म्हणजे ऑइल काळं होतं तेव्हा ते आपलं काम करत असतं. काजळी तळाशी गाळ होऊन बसली असती तर ऑइल वरून स्वच्छ दिसलं असतं, आणि इंजिनाची वाट लागली असती.

आता गंमत बघा. ड्रेनचा बोल्ट काढला तरी सगळं ऑइल कधीच खाली येत नाही. बारीक वाटांमध्ये, चेंबरच्या कोपऱ्यांत थोडं उरतंच. साडेतीन लिटरांतलं ०.३ लिटर मागे राहिलं आणि जुन्या ऑइलमध्ये १.२ टक्के काजळी होती असं धरा. नवीन ऑइल भरून इंजिन पाच मिनिटं चालवलं की काजळी साधारण ०.१ टक्का होते. एवढीशी काजळीही डिपस्टिकवरचा थेंब काळा दिसायला पुरते. त्यामुळे डिझेल गाडीत दुसऱ्या दिवशी काळं ऑइल दिसलं, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ना बदलल्याचं, ना न बदलल्याचं.

मग काय मोजायचं? जे वापराने वाढतं किंवा घटतं, आणि ज्याचा नव्या-जुन्यातला फरक मोठा असतो ते. झिजलेलं लोखंड हे त्यातलं सगळ्यात सोयीचं. सिलिंडर, कॅम वगैरे भाग झिजतात आणि लोखंडाचे अतिबारीक कण ऑइलमध्ये जमत जातात. आयसीपी नावाच्या यंत्रात ऑइलचा नमुना अतितप्त प्लाझ्मात फवारतात. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाचा प्रकाश देतं, आणि त्यावरून दहा लाख भागांत किती भाग लोखंड आहे ते कळतं. यालाच पीपीएम म्हणायचं. ही कल्पना जुनी आहे: १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या डिझेल इंजिनाचं ऑइल तपासून कुठला भाग बिघडत चाललाय ते ओळखायला लागल्या होत्या. दुसरं माप टीबीएन. ज्वलनातून येणारी आम्लं मारायला ऑइलमध्ये अल्कलीचा साठा असतो, तो वापराने संपत जातो. टीबीएन म्हणजे त्यातला किती उरलाय त्याचा आकडा. घट्टपणा मात्र इथे फार कामाचा नाही. १० हजार किलोमीटर चाललेलं ऑइलसुद्धा बरेचदा आपल्या ग्रेडमध्येच असतं.

पण "नंतर"चा नमुना असून भागत नाही, "आधी"चा पण लागतो. तो बाबांकडे होता! ते दर सर्व्हिसिंगला जळकं ऑइल डब्यात मागून आणतात, कुंपणाच्या लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून. (हे बरं नाही, त्याने माती खराब होते, हे मी सांगून थकले.) बाबांची शंका अशी, की तो डबा दुसऱ्याच गाडीचा नसेल कशावरून? शंका रास्त आहे. ती लक्षात ठेवा.

इंजिन गरम करून, डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप घालून सिरिंजने थोडं ऑइल काढलं. डब्यातलं थोडं घेतलं. त्याच ब्रँडचा एक सीलबंद कॅन आणला. लोखंड निघालं असं: डब्यात ४२ पीपीएम, कॅनमध्ये १, आणि गाडीत ८.

नुसतं अर्धा लिटर वरून ओतून बाकी तसंच ठेवलं असतं तर गाडीत ३६ च्या आसपास यायला हवं होतं. ८ आलं, म्हणजे ऑइल बदललंय. बाबांचा मसुदा तिथेच बाद.

पण मला तो ८ खटकला. ०.३ लिटर उरलं असेल तर हिशोबाने साडेचारच्या जवळ यायला हवं. ८ येण्यासाठी जवळजवळ ०.६ लिटर जुनं ऑइल आत राहायला लागतं. काजळी डब्यात १.२ टक्के आणि गाडीत ०.२ होती, त्यावरूनही उत्तर जवळपास ०.६ लिटरच. दोन वेगळ्या मापांनी एकच आकडा दिला, त्यामुळे डबा आपल्याच गाडीचा असणार, हेही बऱ्यापैकी पक्कं झालं. टीबीएनने इथे मदत केली नाही. डब्यात ५.२, कॅनमध्ये १०, ०.३ लिटर उरलं असतं तर गाडीत ९.६ यायला हवा आणि ०.६ उरलं तर ९.२. एवढा फरक मोजमापाच्या चुकीतच बुडतो.

जास्तीचं ०.३ लिटर कुठे राहिलं असेल? गाडी तिरकी उभी असताना ऑइल काढलं तरी असं होऊ शकतं, त्यामुळे आकड्यांवरून एवढंच म्हणता येतं की बघायला हवं. पण ऑइल फिल्टरच्या पोटातही साधारण तेवढंच ऑइल मावतं. गाडी रॅम्पवर चढवून खाली वाकून बघितलं. फिल्टरवर पावसाळ्यातला चिखल वाळून बसलेला. नवा फिल्टर लावताना जुना हाताने फिरवून काढतात. इथे तो थर कुठे मोडलेलाच नव्हता. याला प्रयोगशाळा नको होती, टॉर्च पुरला असता, हे मला नंतर सुचलं. असो.

मायकल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली अशा व्यवहारांवर एक निबंध लिहिला होता. काही सेवा अशा असतात की पैसे देऊन, वापरूनही आपल्याला कळत नाही ती खरंच मिळाली का. गाडीची दुरुस्ती हे त्यातलं ठरलेलं उदाहरण. फिल्टर जुना राहिला तर गाडी दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. जे काय व्हायचं ते वर्षांनी होतं, आणि तोवर बिल रद्दीत गेलेलं असतं.

पेट्रोल गाडीवाल्यांसाठी: तुमचा हिशोब वेगळा आहे. साध्या पेट्रोल इंजिनात काजळी फारच कमी, त्यामुळे नवीन ऑइल बरेच दिवस मधासारखं दिसतं. तिथे दुसऱ्याच दिवशी काळं दिसलं तर विचारायला जरूर जा. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात काजळी जास्त होते, तिथे जरा दमाने घ्या. आणि दोन्ही प्रकारांत डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल, तर जुनं न काढता नवं ओतलंय का हे विचारायला हरकत नाही.

आणि गाडी देण्याआधी फिल्टरवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. परत आल्यावर रेघ तशीच असेल तर बोलायचं काय ते कळेल. जुना फिल्टर परत मागितला तरी चालतो.

बाबा नवा मसुदा न लिहिता फोटो घेऊन शोरूममध्ये गेले. ऑइल बदलल्याचं त्यांनी आधीच मान्य केलं, त्यामुळे समोरचाही नीट बोलला. फिल्टर स्टोअरमधून निघालाच नव्हता, बिलावर मात्र चढला होता, असं निघालं. चूक की लबाडी, ते माझ्या यंत्राला कळत नाही. फिल्टर समोर उभं राहून बदलून घेतला. बाबांनी त्यावर मार्करने तारीख लिहिली, आणि जळक्या ऑइलचा नवा डबा मागायला विसरले नाहीत.