संघातून नाव वगळले, तरी धाव थांबत नाही

पावसाळा सरत आला, महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावरचे धुके विरळ होऊ लागले, की आपल्या भागातील महाविद्यालयांत क्रॉसकंट्रीच्या, म्हणजे माळरानावरून धावण्याच्या, निवड चाचण्यांची चर्चा सुरू होते. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे मिळून १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचे क्षेत्र मुख्यत्वे बनते. वाई, पाचगणी, महाबळेश्वर, माण, खटाव, जत, आटपाडी अशा घाटमाथ्यावरील आणि दुष्काळी पट्ट्यातील कितीतरी मुलेमुली पहाटे उठून धावतात. विद्यापीठाच्या संघात मात्र जागा मोजक्याच असतात. काही सेकंदांच्या फरकाने यादीतून नाव गळते आणि मूल घरी येऊन गप्प बसते. अशा वेळी त्याच्याशी पहिला शब्द बोलणारे बहुधा घरातील आजी-आजोबा असतात. म्हणूनच हा विषय आपल्यापुढे ठेवावासा वाटला.

यादी लहान का होते?

ही स्थिती केवळ आपल्याकडची नाही. ज्यांची नातवंडे अमेरिकेत शिकतात, त्यांनी गेल्या काही काळात हा विषय ऐकला असेल. तेथील महाविद्यालयीन खेळांबाबतच्या एका मोठ्या खटल्यातील तडजोडीला ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मान्यता दिली. त्यामुळे महाविद्यालयांना खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली; त्याचबरोबर या व्यवस्थेत सहभागी झालेल्या संस्थांना प्रत्येक खेळात संघाची कमाल संख्या बांधून देण्यात आली. क्रॉसकंट्रीसाठी ही मर्यादा १७, तर मैदानी स्पर्धांसाठी ४५ आहे. शिष्यवृत्तीविना, निव्वळ हौसेने संघात राहून कष्ट करणाऱ्या मुलांना याचा फटका अधिक बसला. आधीपासून संघात असलेल्या काही खेळाडूंना या मर्यादेतून सूट देण्याची तरतूद नंतर करण्यात आली, परंतु त्यांना परत घेण्याचे बंधन महाविद्यालयांवर नाही.

आपल्याकडे कारण वेगळे, परिणाम मात्र तोच. विद्यापीठाच्या संघातील जागेला येथे व्यवहाराचीही बाजू आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्यासाठी ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतील कामगिरीचे प्रमाणपत्र लागते. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या घरात हे प्रमाणपत्र म्हणजे भाकरीची वाट असते. तेव्हा ‘खेळच तर आहे, त्यात एवढे काय?’ असे म्हणण्यापूर्वी आपण थोडे थांबले पाहिजे.

सेवानिवृत्तीचा अनुभव येथे उपयोगी पडतो

या मुलांचे दुःख आपल्या पिढीला समजू शकते. नोकरीतून निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यात काय वाटले होते ते आठवून पाहा. सकाळी ठरलेल्या वेळी जाग येते, पण जायचे कोठेच नसते. ओळख सांगताना ‘मी अमुक खात्यात होतो’ असा भूतकाळ वापरावा लागतो. विशी न ओलांडलेल्या मुलावर नेमकी तीच वेळ येते. सोबती, प्रशिक्षक, दिनक्रम आणि ‘धावपटू’ ही ओळख एकाच दिवशी हातातून निसटते. आपल्याला निवृत्तीची तारीख वर्षानुवर्षे आधी ठाऊक होती; त्याला ती सूचना फलकावर कळते.

म्हणून काही वाक्ये कटाक्षाने टाळावीत. ‘बरे झाले, आता अभ्यासाकडे लक्ष देशील’ हे त्यांतील पहिले. ‘तुझ्या प्रशिक्षकाने अन्याय केला’ हे दुसरे, कारण त्याने राग वाढतो आणि मार्ग सापडत नाही. त्याऐवजी शेजारी बसावे, ऐकावे आणि ‘उद्या पहाटे उठणार आहेस का? मी चहा ठेवते’ एवढेच विचारावे. दिनक्रम टिकला की मनही सावरू लागते.

काही लक्षणांकडे मात्र दुर्लक्ष करू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप वा भूक बिघडणे, मित्रांना टाळणे, शिक्षा म्हणून स्वतःला अतोनात पळवणे, जेवण तोडणे, किंवा ‘जगण्यात अर्थ नाही’ अशी भाषा येणे, यांपैकी काहीही दिसल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जीव नकोसा झाल्याचे बोलणे ऐकू आले, तर दोन आठवड्यांची वाट पाहू नये; मुलाला एकटे न सोडता तत्काळ मदत घ्यावी. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

स्पर्धेचे इतर मार्ग

आता प्रश्न उरतो, धावायचे कोठे? मार्ग अनेक आहेत आणि त्यांची माहिती घरातील वडीलधाऱ्यांनाही असावी.

पहिला मार्ग संघटनेचा. विद्यापीठाचा संघ आणि जिल्हा ॲथलेटिक्स संघटनेची निवड या दोन स्वतंत्र वाटा आहेत. १८, २० व २३ वर्षांखालील आणि खुला अशा गटांच्या स्पर्धा होतात. महाविद्यालयाच्या यादीत नाव नसले, तरी जिल्हा चाचणीत उतरता येते आणि तेथून राज्य व राष्ट्रीय स्पर्धेचे दार उघडू शकते. कोणत्या स्पर्धेचे प्रमाणपत्र नोकरीसाठी ग्राह्य आहे, याची खात्री जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधीच करून घ्यावी.

दुसरा मार्ग रस्त्यावरील शर्यतींचा. २०१२ पासून साताऱ्यात होणारी हिल हाफ मॅरेथॉन २१ किलोमीटरची आहे. ती यवतेश्वरचा घाट चढून जाते आणि त्याच वाटेने परत उतरते. पुण्याची मॅरेथॉन १९८३ पासून, तर मुंबईची २००४ पासून भरते. मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनसाठी वय १८ पूर्ण असावे लागते. अशा मोठ्या शर्यतींत नाव नोंदवण्यासाठी कोणाच्या निवडीची गरज नसते, हे त्यांचे मोल. मात्र नोंदणी शुल्क भरावे लागते आणि दर पंधरा दिवसांनी एक शर्यत धावणे शरीराला परवडत नाही.

तिसरा मार्ग अंतर वा प्रकार बदलण्याचा. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. त्यांनी मुंबई मॅरेथॉन गाजवली आणि पुढे ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, हा प्रकार निवडला. २०१४ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्य, २०१५ च्या आशियाई अजिंक्यपदात सुवर्ण आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीत दहावे स्थान त्यांनी मिळवले.

चौथा मार्ग सेवेतील संघांचा. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात दाखल झाले. सियाचीनसारख्या ठिकाणी त्यांनी कर्तव्य बजावले आणि धावण्याची खरी कारकीर्द त्यानंतर, २०१५ च्या सुमारास, सैन्यातील क्रॉसकंट्रीतून सुरू झाली. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणारा हा धावपटू महाविद्यालयीन संघातून घडलेला नाही. सैन्य, रेल्वे आणि पोलीस दलांचे स्वतःचे संघ असतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत मुलांना १६०० व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. तेव्हा केलेला सराव तेथेही वाया जात नाही.

अमेरिकेतील नातवंडांसाठीही पर्याय आहेत. ही संख्यामर्यादा पहिल्या श्रेणीतील सहभागी महाविद्यालयांपुरती आहे. दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीतील महाविद्यालयांचा संघ खुला असू शकतो. याशिवाय विद्यार्थ्यांनीच चालवलेले धावण्याचे क्लब असतात, त्यांच्या स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धाही होतात, आणि अनेक शर्यतींत कोणत्याही संघाविना नाव नोंदवता येते. केवळ संघासाठी महाविद्यालय बदलायचे की नाही, हा निर्णय मात्र शिक्षणाचा दर्जा व खर्च पाहूनच घ्यावा.

घरात सांभाळायच्या गोष्टी

एकट्याने सराव करणाऱ्या मुलावर प्रशिक्षकाची नजर नसते. ती उणीव घराने भरून काढावी.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे. येथे धावले की ‘उंचीचा फायदा’ मिळतो, असा समज आहे. विरळ हवेमुळे रक्तात जे बदल घडतात, त्यांसाठी साधारण २००० मीटर वा अधिक उंची लागते. येथील खरा लाभ थंड हवा आणि चढाची वाट हा आहे. चढाने दम आणि पाय घडतात. उताराने मात्र गुडघे व मांड्यांवर ताण येतो. म्हणून चढ धावावा आणि सरावाच्या दिवसांत उतार सावकाश उतरावा. पसरणी किंवा आंबेनळी घाटात धुके असताना धावणे टाळावे. रस्त्याने धावायचेच झाल्यास समोरून येणारे वाहन दिसेल अशा बाजूने, उठून दिसणाऱ्या कपड्यांत आणि सोबतीने धावावे.

आहार हा तर आजीचाच प्रांत. लांब पल्ल्याच्या धावपटूंना, विशेषतः मुलींना, लोहाची कमतरता लवकर भासते. बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, पालेभाज्या यांसोबत लिंबू, आवळा किंवा हंगामात आपली स्ट्रॉबेरी द्यावी. त्यांतील ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागते. चहा जेवणाबरोबर नको, तासभर अंतराने द्यावा. धावून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शेंगदाण्याचा लाडू, दूध-केळे असे काही पोटात जावे. लोहाच्या गोळ्या रक्त तपासल्याशिवाय देऊ नयेत.

मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तर ‘धावणाऱ्या मुलींचे असेच असते’ म्हणून सोडून देऊ नये. श्रमाच्या मानाने अन्न कमी पडत असल्याची ती खूण असू शकते आणि त्यातून हाडे कमकुवत होतात. नडगीत एकाच जागी बोट ठेवता येईल असे दुखणे असेल, तर तेल चोळून धावणे चालू ठेवू नये. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. धावताना छातीत दुखले वा भोवळ आली, तर तपासणी होईपर्यंत सराव बंद ठेवावा.

शक्य असेल तर या आठवड्यात नातवाबरोबर किंवा नातीबरोबर एक छोटे काम करा. कागदावर पुढील सहा महिन्यांचे कोष्टक आखा. त्यात जिल्हा चाचणीची तारीख, एखादी रस्त्यावरील शर्यत, परीक्षा आणि विश्रांतीचे दिवस लिहा. रक्त तपासणी व प्रमाणपत्राची चौकशी यांसाठीही एकेक दिवस राखून ठेवा. कागद स्वयंपाकघरात, सर्वांना दिसेल असा लावा. आपले गुडघे साथ देत असतील, तर त्याच कोष्टकात आपल्या रोजच्या चालण्याचीही एक ओळ असू द्या.