आयव्ही झाडाचा गळा घोटते का?

ब्रिटनमध्ये मागे बाग असलेले जुने घर घेतले की एखाद्या झाडावर नाहीतर भिंतीवर आयव्हीची वेल बहुधा असतेच, आणि ती उपटून टाका असे सांगणारे शेजारीही भेटतात. वेल झाडाचा जीव घेते आणि भिंत पोखरते, हे तिच्यावरचे दोन जुने आरोप. उलट वन्यजीवांसाठी बाग राखणारी मंडळी तिची इतकी भलामण करतात की तिच्यात काही खोट असेल असे वाटूच नये. माझ्या मते दोन्ही बाजूंच्या नजरेतून एक गोष्ट निसटते, ती म्हणजे आयव्हीचे वय. कोवळी आयव्ही आणि प्रौढ आयव्ही यांचे वागणे इतके वेगळे असते की एकीवरून दुसरीचा निवाडा करता येत नाही.

आधी झाडाचे पाहू. आंब्यावरचे बांडगूळ फांदीच्या आत शोषकमुळे घुसवून झाडाचे पाणी आणि क्षार ओढून घेते. आयव्ही यातले काही करत नाही. तिची मुळे जमिनीत असतात आणि अन्न ती स्वतःच्या हिरव्या पानांत तयार करते. खोडाला चिकटलेली केसाळ मुळे केवळ आधारासाठी असतात. खोडाला विळखा घालून आवळण्याचीही तिची रीत नाही. ती सरळ वर चढते. मग वठलेल्या झाडांवरच ती एवढी दाट का दिसते? झाड आजारी पडले की पाने विरळ होतात, आत ऊन पोचते आणि वेल फोफावते. ब्रिटनमध्ये 2012 पासून बुरशीच्या रोगाने वाळत चाललेल्या अ‍ॅश वृक्षांचे असेच होते. अशा वेळी वेलीवर ठपका ठेवणे म्हणजे परिणामालाच कारण ठरवणे. एक आक्षेप मात्र खरा आहे. पानगळ झालेल्या झाडावर भर हिवाळ्यात आयव्ही हिरवीगार असते, तिच्यामुळे वारा जास्त अडतो आणि आधीच कमकुवत झालेले झाड वादळात पडण्याचा धोका वाढतो. शिवाय दाट वेलीआड खोडातली कुज दिसत नाही. म्हणून रस्त्यालगतच्या किंवा घरावर झुकलेल्या जुन्या झाडावरची आयव्ही छाटलेली बरी.

कोवळ्या आयव्हीची पाने टोकदार, खाचा पडलेली असतात; ती चढते, पसरते, पण फुलत नाही. बरीच वर्षे चढून ती उंचावर, उजेडात पोचली की तिचे रूप पालटते. पानांच्या खाचा जातात, आधारमुळे नसलेल्या फांद्या झुडपासारख्या बाहेर येतात आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरात पिवळट-हिरव्या फुलांचे गोल गुच्छ लागतात. बाकीची बाग सुकत चाललेली असताना हा बहर येतो, हेच त्याचे खरे मोल. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शरद ऋतूत मधमाश्यांनी पोळ्यात आणलेल्या परागगोळ्यांपैकी सरासरी 89 टक्के आयव्हीच्या निघाल्या. कोलेटेस हेडेरी नावाची एकटी राहणारी मधमाशी तर प्रामुख्याने याच फुलांच्या परागावर पिल्ले वाढवते; ब्रिटनमध्ये ती 2001 साली डॉर्सेटमध्ये प्रथम आढळली. होली ब्लू फुलपाखराची उन्हाळी पिढी आयव्हीच्या कळ्यांवर अंडी घालते. हिवाळ्याच्या शेवटी, इतर फळे संपलेली असताना, स्निग्धांशाने भरलेली तिची काळी फळे ब्लॅकबर्ड आणि रानकबुतरांच्या कामी येतात. (माणसासाठी ही फळे विषारी आहेत आणि रसाने त्वचेवर पुरळ उठू शकते, हातमोजे घालावेत.) आयव्हीचा मध पोळ्यातच कडक होतो, तो काढता येत नाही, ही मधपाळांची तक्रार रास्त आहे. पण ती मध काढणाऱ्याची अडचण आहे. हिवाळ्यापूर्वी पोळ्याला पराग मिळतो तो मिळतोच.

याचा अर्थ असा की दरवर्षी कातरून चापूनचोपून ठेवलेली आयव्ही आडोसा देते, पण फुले-फळे जवळजवळ देतच नाही. आणि तशी वेल राखून आपण मधमाश्यांची सोय केली असे मानणे हाही गैरसमजच.

भिंतीचे उत्तर भिंतीच्या प्रकृतीवर ठरते. जुन्या वास्तू जपणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेसाठी ऑक्सफर्ड विद्यापीठाने केलेल्या संशोधनात असे दिसले की धड भिंतीवर आयव्हीचे आवरण तापमानातले चढउतार कमी करते आणि धूळ-प्रदूषणाचे कण अडवते. मात्र आधीच भेगा पडलेल्या, चुना सुटलेल्या भिंतीत खरी मुळे शिरली तर ती भेगा रुंदावतात. तिथे आधी दुरुस्ती, मग वेल. गटारी-पन्हाळी आणि कौलांखालून मात्र तिला दरवर्षी मागे हटवावेच लागते.

जमिनीवर मोकाट पसरलेली कोवळी आयव्ही मला सर्वांत कमी उपयोगाची वाटते. छोट्या बागेत ती नाजूक रानफुलांना झाकून टाकते. आणि हे सारे गुणगान युरोपपुरतेच, कारण तिथली ती मूळची रहिवासी आहे. अमेरिकेच्या वायव्य भागात तिने जंगलांची जमीन गिळली असून ऑरेगन राज्याने 2010 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली. सिएटल-पोर्टलंडकडच्या मराठी घरांनी ती लावूच नये.

ब्रिटनमधल्या वाचकांना एवढीच विनंती: धड भिंतीवर किंवा निरोगी मोठ्या झाडावर एखादी वेल म्हातारी होऊ द्या, आणि छाटायचीच असेल तर फळे संपल्यावर, पण पक्षी घरटी बांधू लागण्यापूर्वी, फेब्रुवारीच्या अखेरीस छाटा. वापरातले घरटे मोडणे तिथे 1981 च्या कायद्याने गुन्हा आहे.