कारखाना कुठे, कोठार कुठे?

मधुमेहाच्या रोग्याला ‘कर्बोदके कमी करा’ असे सांगितले, की भात, पोळी आणि साखर यांच्यावर घरच्यांची नजर जाते. भाजीकडे कोणी पाहत नाही. भाजी ती भाजी! पण १०० ग्रॅम बटाट्यात १५ ते २२ ग्रॅम कर्बोदके असतात, वांग्यात सुमारे ४ आणि पालकात जेमतेम ३. हा फरक लक्षात ठेवायला तक्ता पाठ करावा लागत नाही. आपण झाडाचा कोणता भाग खातो आहोत, एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडते.

इथे वर्गातला एखादा चौकस मुलगा अडवील : पिष्ट तर पानातच तयार होते ना? बरोबर आहे. पण पान हा कारखाना आहे, कोठार नव्हे. दिवसा साठलेले पिष्ट रात्री साखरेच्या रूपात बाहेर जाते आणि कंदात, बियांत जाऊन साठते. म्हणून वर्ध्याच्या बाजारातली चिवळ, अंबाडी, पावसाळ्यातला तरोटा निर्धास्त घ्यावा. ढेमसे, दोडके, कारले ही कोवळी फळे. त्यांत पाणीच फार. बटाटा, रताळे, सुरण ही मात्र कोठारे. तुरीचे सोले भाजीत पडतात म्हणून भाजी वाटतात. खरे तर ते बी आहे, त्यांची गणना डाळीत करावी. (उपासाच्या साबुदाण्यात १०० ग्रॅमला सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके असतात. मधुमेह्याला हा उपास जेवणाहून जड!)

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. टिंक्चर आयोडीन पाण्यात घालून फिक्या चहाच्या रंगाचे करा आणि बटाटा, काकडी, कांदा यांच्या चकत्यांवर एकेक थेंब टाका. बटाटा निळा-काळा होईल, काकडी होणार नाही. कांदाही नाही, जमिनीखाली वाढला तरी! कांदा म्हणजे जाड झालेली पानेच. तपासलेल्या चकत्या अर्थातच खायच्या नाहीत. एक सावधगिरी : आयोडीन पिष्ट दाखवते, साखर दाखवत नाही. बीट निळे होत नाही, पण गोड असते. पिकलेल्या केळ्याचेही तेच.

आता उकडलेला हरभरा आणि उकडलेले सोयाबीन चिरडून त्यांवर थेंब टाका. दोन्ही बियाच, पण हरभरा काळा पडतो आणि सोयाबीन जवळजवळ तसेच राहते. सोयाबीनचे झाड पुढच्या पिढीची शिदोरी पिष्टाऐवजी प्रथिने आणि तेल यांच्या रूपात बांधते. आज जिल्ह्यातल्या शेतांत हे पीक सगळीकडे दिसते. त्याआधी कितीतरी वर्षे, १९३५ साली, वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी ते आश्रमाच्या जेवणात घालून पाहिले होते. त्याच वर्षी ‘हरिजन’मध्ये त्यांनी हिरव्या पानांबद्दलही लिहिले, मुळ्या-गाजराचा फेकला जाणारा पालाही त्यात होता. त्यांच्यापुढे प्रश्न गरिबाच्या ताटाचा होता, मधुमेहाचा नव्हता. पण उत्तर आज मधुमेह्यालाही उपयोगी पडते, आणि महागडी ब्रोकोली शोधावी लागत नाही.

मधल्या सुट्टीच्या खाण्यालाही हाच नियम लावावा. मुरमुरे हलके म्हणून निरुपद्रवी वाटतात, पण ३० ग्रॅम मुरमुऱ्यांत सुमारे २२ ग्रॅम कर्बोदके भरतात. पोहे म्हणजे तांदूळच. वर तर्री घातल्याने ते बदलत नाहीत. आलूबोंड्यात कोठारावर कोठार : आत बटाटा, बाहेर बेसन. त्यापेक्षा ३० ग्रॅम शेंगदाणे घ्या. त्यांत कर्बोदके आठ ग्रॅमच्या आत असतात, मात्र तेल भरपूर, म्हणून मूठ एकच. फुटाण्यांतही पिष्ट आहे, पण प्रथिने आणि तंतू यांच्यामुळे रक्तातली साखर सावकाश चढते. सोयाबीन खायचे तर नीट शिजवून किंवा भाजून; कच्च्या दाण्यातले काही घटक प्रथिनांचे पचन रोखतात.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र कर्बोदके एकदम तोडू नयेत. औषधाची मात्रा जुन्या जेवणाच्या हिशेबाने ठरलेली असते. जेवण बदलले आणि मात्रा तीच राहिली, तर साखर धोक्याइतकी खाली जाऊन घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धीही येते. म्हणून डॉक्टरांना आधी सांगावे आणि मगच थाळी बदलावी.