मोडेमची मांडणी : वेग आणि विश्वासार्हता

प्रास्ताविक

इंटरनेटवरून एखादी मोठी फाइल उतरवून घेताना काम संपत आले असतानाच संपर्क तुटतो आणि सारे पहिल्यापासून करावे लागते, हा अनुभव अनेकांना आला असेल. डायल-अपच्या काळात दूरध्वनीचे बिल मात्र दोन्ही वेळांचे भरावे लागे. दोष बहुधा मोडेमच्या अपुऱ्या वेगाला दिला जाई. वस्तुतः खोक्यावर छापलेला वेग आणि हाती पडणारा वेग या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील अंतर का पडते आणि ते कसे कमी करावे, हे येथे पाहू.

१. वेग कसा ठरतो?

दूरध्वनीची वाहिनी मानवी आवाजासाठी घडवलेली आहे. साधारणपणे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी तिच्यातून जातात. मोडेम संगणकाचे डिजिटल संकेत या पट्ट्यात बसवतो. पलीकडचा मोडेम ते पूर्ववत करतो. क्रमांक लागल्यावर ऐकू येणारी खरखर म्हणजे दोन मोडेममधील बोलणीच होत. वाहिनीतील गोंगाट अजमावून ते आपसांत वेग ठरवतात.

१९९४ च्या व्ही.३४ मानकात कमाल वेग सेकंदाला २८,८०० बिट होता. १९९६ मध्ये तो ३३,६०० झाला. १९९८ च्या व्ही.९० मानकाने येणाऱ्या माहितीसाठी तो ५६,००० पर्यंत नेला. त्याला एक अट आहे. सेवा पुरवठादाराची जोडणी डिजिटल हवी आणि वाटेत ॲनालॉग व डिजिटल यांतील रूपांतर एकदाच व्हावे. ही अट पुरी होत नसेल, तर कोणतीही आज्ञा देऊन ५६,००० च्या मोडेमला ३३,६०० च्या पुढे नेता येत नाही.

२. संगणक आणि मोडेम यांतील दुवा

व्ही.४२ ही पद्धत वाटेत बिघडलेला भाग पुन्हा मागवते, तर व्ही.४२ बिस ही पद्धत मजकूर आकुंचित करून पाठवते. आकुंचित मजकूर मोडेममध्ये पुन्हा विस्तारतो. त्यामुळे संगणकाच्या पोर्टचा वेग वाहिनीच्या वेगाहून बराच जास्त, शक्यतो १,१५,२०० ठेवावा. संपर्क जुळल्यावर पडद्यावर हाच आकडा दिसला, तर तो वाहिनीचा वेग समजू नये.

संगणक कामात गुंतलेला असताना मोडेमला क्षणभर थांबवण्याची सोय लागते. त्यासाठी हार्डवेअर प्रवाह-नियंत्रण सुरू ठेवावे. जुन्या ८२५० या पोर्ट-चिपमध्ये आलेले एकच अक्षर थांबू शकते, १६५५०ए मध्ये १६ अक्षरे थांबतात. वेगवान बाह्य मोडेमला म्हणूनच दुसरी चिप हवी.

३. वाहिनीची निगा

सेटिंग बदलण्यापूर्वी तार पाहावी. सैल जोड, ओल धरलेली तार, लांबलचक वाढीव वायर आणि त्याच वाहिनीवरील दुसरा फोन यांमुळे गोंगाट वाढतो. ‘कॉल वेटिंग’ची सोय असल्यास ती तात्पुरती बंद करावी; तिच्या इशाऱ्यानेही संपर्क तुटू शकतो.

४. वेगाला मर्यादा घालणे

एवढे करूनही संपर्क तुटत असेल, तर मोडेमच्या पुस्तिकेत दिलेल्या आज्ञेने कमाल वेग खाली आणावा. ३० लाख बाइटची फाइल ३३,६०० च्या वेगाने सुमारे १२ मिनिटांत, तर २८,८०० च्या वेगाने सुमारे १४ मिनिटांत उतरते. फरक दोन मिनिटांचा आहे. मात्र पहिला संपर्क दहाव्या मिनिटाला तुटला आणि फाइल पहिल्यापासून घ्यावी लागली, तर एकूण २२ मिनिटे खर्च होतात. कमी वेगाचा अखंड संपर्कच येथे अधिक जलद ठरतो.

सारांश

वाहिनी जेवढा भार सुखरूप पेलते, तेवढाच वेग खरा. म्हणून आधी तार, मग पोर्ट व प्रवाह-नियंत्रण आणि शेवटी वेगमर्यादा, या क्रमाने तपासणी करावी. एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम नोंदवावा.

स्वाध्याय

१. पोर्टचा वेग वाहिनीच्या वेगाहून जास्त का ठेवावा लागतो?
२. ‘कमी वेगाचा संपर्क अधिक जलद ठरू शकतो’, हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.